दहातले दोन प्रिंट

"हे दोन कुणी काढले, मास्तर?"

बारकीने कपाटातले दहा प्रिंट लांब टेबलावर ओळीने मांडले होते आणि शेवटच्या दोनांपाशी ती उभी होती. मास्तर नळावर हात धूत होते. एकतीस वर्षं शाईत मुरलेले हात, ते काय धुऊन निघणार. पण त्यांचा तो रोजचा उद्योग होता.

"मी काढले. तू मावशीजवळ दवाखान्यात होतीस ना? म्हटलं, पोरीच्या डोक्यावरचं ओझं तेवढंच कमी."

आता ती हसेल असं त्यांना वाटलं. आभार मानायची पद्धत या पिढीत उरली नसली तरी बारकी निदान हसायची. आज ती हसली नाही.

मास्तर तसे कुणाचेच मास्तर नव्हते. विद्यापीठाच्या कला विभागात ते कागदोपत्री यंत्र-सहायक. पण चित्र कोरलेल्या धातूच्या प्लेटवर शाई कशी चढवायची, कोरीव रेघांत हवी तेवढीच ठेवून बाकीची जाळीच्या कापडाने कशी पुसायची आणि शेवटचा हात तळव्याने कसा फिरवायचा, हे एम.ए.ची पोरं त्यांच्याकडूनच शिकायची. बाहेर व्हरांड्यात 'संधी आणि यश' नावाचा फळा होता. कुणाला शिष्यवृत्ती मिळाली, कुणाचं प्रदर्शन लागलं, सगळं त्यावर. त्यातली निम्मी नावं मास्तरांच्या हाताखालून गेलेली. त्यांचं स्वतःचं नाव तिथे यायचं काही कारणच नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटतही नसे. थोडं वाटत असे.

बारकी शेवटच्या वर्षाला होती. परदेशातला एक नावाजलेला स्टुडिओ दोन वर्षांसाठी एकाच विद्यार्थ्याला जागा देणार होता आणि ती शेवटच्या तिघांत पोचली होती. अट एकच: एका प्लेटचे दहा प्रिंट पाठवायचे, दहाही एकसारखे. हात किती सारखा चालतो ते त्यांना बघायचं होतं. पाकीट शुक्रवारी निघायला हवं होतं आणि आज मंगळवार होता.

प्लेटवर तिची मावशी होती. खिडकीत बसून फाटका सदरा शिवणारी, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. आईवडिलांमागे बारकीला तिनेच वाढवलं होतं.

"सावलीतला डोळा गेलाय," बारकी म्हणाली. "बघा ना. या आठांत आहे. या दोनांत नाही."

मास्तर टेबलावर वाकले. त्यांना दहाही सारखेच दिसले, सगळ्यांवर तेच धुकं. वर्षभर नजर अंधूक होत चालली होती. दाढी करताना एक गाल तसाच राहतो म्हणून बायको चिडवायची, तेही हसण्यावारी न्यायचे. हे दोन काढले त्या दिवशी प्लेट त्यांना मळकटच दिसत राहिली, म्हणून त्यांनी ती आणखी एकदा पुसली, मग आणखी एकदा. मावशीच्या डोळ्यापुरती राहिलेली शाई त्यांनी आपल्याच तळव्याने उचलून नेली होती.

"असू दे," बारकी म्हणाली. "प्लेट द्या. उद्यापर्यंत दोन काढते."

मास्तरांनी कपाटातून प्लेट काढून तिच्यापुढे ठेवली.

इथल्या स्टुडिओची एक रीत होती. ठरलेले प्रिंट पूर्ण झाले की प्लेट बंद करायची, म्हणजे तिच्यावर सुईने दोन खोल आडव्यातिडव्या रेघा मारायच्या. मग अकरावा प्रिंट कुणाला काढता येत नाही. पहिली रेघ विद्यार्थ्याची, दुसरी मास्तरांची. गेल्या शनिवारी विभागप्रमुख बाईंनी घाई लावली होती. तपासणीला समिती येणार, कपाटं आवरा, झालेल्या प्लेटा बंद करून टाका. मास्तरांनी प्रिंट मोजले, दहा भरले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विद्यार्थ्याची रेघही स्वतःच मारली होती.

बारकीने प्लेट खिडकीशी नेली. दोन्ही रेघा मावशीच्या चेहऱ्यावरून गेल्या होत्या. तिने त्यांवरून बोट फिरवलं.

"मी येईपर्यंत थांबायचं होतं ना, मास्तर."

एवढंच म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

मास्तरांनी पोलादी घासणी घेऊन प्लेटवरच्या रेघा बुजवायचा प्रयत्न केला. दुपार गेली. पण आयुष्यात कुठलं काम त्यांनी अर्धवट केलं नव्हतं, आणि या रेघाही त्यांनी मन लावूनच मारल्या होत्या. रेघा जाईनात, मावशीचं नाक मात्र जायला लागलं. बारकीने त्यांच्या हातातून प्लेट काढून घेतली. शुक्रवारपर्यंत नवी कोरून होणार नव्हती.

"आहेत तेच पाठवा," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "आठ तर सुंदर आहेत. कोण भिंग लावून बघतंय?"

भिंग लावून बघणं हेच त्या लोकांचं काम, हे बाईंनाही माहीत होतं. पाकीट शुक्रवारी गेलं. दीड महिन्याने उत्तर आलं: काम प्रभावी, परंतु दोन प्रिंट उरलेल्या संचाशी जुळत नाहीत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. बाईंनी फळ्यावर कागद लावला, 'आंतरराष्ट्रीय निवडीत अंतिम तिघांत स्थान'. येणारेजाणारे बारकीचं अभिनंदन करू लागले आणि ती प्रत्येकाला थँक्यू म्हणत राहिली.

त्याच दिवशी मास्तर बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, मला नीट दिसत नाही. त्या पोरीची संधी माझ्यामुळे गेली. तसं लिहून कळवा त्यांना. मी सही करतो."

बाईंनी चष्मा काढला. "आता लिहून काय होणार? जागा दुसऱ्याला गेली. आणि तुमचे चारच महिने राहिलेत, मास्तर. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? निवृत्त झालात की ऑपरेशन करून घ्या."

त्यांचा गुन्हासुद्धा कुणाला नको होता. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी बारकी नवी प्लेट घेऊन आली. मास्तर दाराशीच थांबले.

"मावशी काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं झालं, जवळ राहशील." बारकी शाई घोटत होती. "मग आत जाऊन रडली. मला कळू नये म्हणून नळ सोडून ठेवला होता."

"आणि तू?"

"शाळेत चित्रकलेची जागा आहे. जूनपासून."

तिने प्लेटवर शाई चढवली. मास्तर सवयीने पुढे झाले, जाळीचं कापड उचललं आणि प्लेटकडे वळले. बारकीने त्यांचं मनगट धरलं. हळूच कापड काढून घेतलं.

"राहू द्या. पुसायचं मी बघते. तुम्ही चाक धरा."

मास्तर छापयंत्राच्या चाकाच्या बाजूला गेले. दोन्ही हातांनी चाक धरलं आणि उभे राहिले. ती बराच वेळ पुसत होती. त्यांना दिसत नव्हतं, नुसता कापडाचा आवाज येत होता. मग प्लेट ठेवल्याचा आवाज आला, वर ओला कागद पसरल्याचा आला. एकतीस वर्षं पोरांना 'आता फिरव' असं तेच सांगत आले होते.

"आता," बारकी म्हणाली.

मास्तरांनी चाक फिरवलं.