यंत्राचा कान आणि माझा 'स'

"सर, सगळ्या संगणकांच्या भाषांत सर्वांत सुंदर समजली जाणारी ही भाषा, तिला असं सदोष नाव कसं सुचलं?"

हवे तर 'स' मोजा! हा प्रश्न माझ्या मैत्रिणी टालीन आणि रोझॅनने वॉटरटाउनहून केंब्रिजला येताना वर्गाच्या सहलीच्या बसमध्ये रचला होता. पैज अशी की तो मी अख्ख्या दहावीसमोर, बाबाच्या कंपनीच्या मालकांना, एकही 'स' न सांडता विचारायचा. मी विचारला. एकही सांडला नाही. मागच्या रांगेतल्या डेनिस फोलीचा जबडा लोंबला. हाच डेनिस मला पाचवीपासून 'थोथी' म्हणायचा.

कारण माझं नाव सोसी. सोसी केशिशियान. जिच्या जिभेला 'स' जमत नाही तिचं असं नाव ठेवणारे आईबाप फक्त आर्मेनियनच असू शकतात. 'स'चा 'थ' होणं, ह्या दोषाला आमच्याकडे लिस्प म्हणतात. आणि बाबा दिवसभर यंत्रांशी ज्या भाषेत बोलतो, तिचंही नाव लिस्प. म्हणजे घरात दोन लिस्प. एकावर बाबाला पगार मिळायचा आणि दुसऱ्यासाठी आई मला मिसेस डोहर्टींच्या शिकवणीला नेऊन सोडायची. तिथे मी आरशासमोर दात जुळवून सापासारखी फुत्कारायची. तीन वर्षं! ह्या वसंतात कुठे माझा 'स' सरळ आला, आणि तेव्हापासून मी गप्प बसलेली नाही.

"यादी आणि प्रक्रिया अशा अर्थाच्या दोन शब्दांचे तुकडे जोडून ते नाव झालंय, बाळ," मालक मिस्टर लॅथ्रॉप हसून म्हणाले. "दोष बिचाऱ्या नावात आहे, भाषेत नाही." मग पाहुण्यांकडे वळले. कुठल्याशा मोठ्या संस्थेची ती चार माणसं बाबाचं यंत्र घ्यायचं की नाही हे आज ठरवणार होती. न घेतलं तर बाबाचा विभाग बंद. आई आठवडाभर ह्याच एका गोष्टीसाठी मेणबत्त्या लावत होती. "आणि हे यंत्र कुणाच्या आवाजावर शिकलंय, माहितीये? ह्याच मुलीच्या! ये सोसी, दाखव ह्यांना."

यंत्र म्हणजे फ्रिजएवढं कपाट. त्याच्यापुढे एक माइक आणि फळीवर नंबर घातलेले दहा दिवे. दोन हिवाळे दर रविवारी चर्चनंतर बाबा मला इथे आणायचा. मी बोलायचे, तो टेपवर घ्यायचा, मग कंसांमध्ये कंस असलेलं काहीतरी टंकत बसायचा आणि एखादा कंस मिटायचा राहिला की कपाळ बडवून घ्यायचा.

मी माइकजवळ गेले. "सात नंबरचा दिवा सुरू."

काही नाही.

"सात. नंबरचा. दिवा. सुरू." मिसेस डोहर्टींनी ऐकलं असतं तर रडल्या असत्या इतकं स्वच्छ. यंत्राने चार नंबरचा दिवा लावला आणि लगेच विझवला.

मिस्टर लॅथ्रॉपनी स्वतः म्हणून पाहिलं. एका पाहुण्याने म्हणून पाहिलं. यंत्र ढिम्म.

"वारूझान, सकाळी तर चालत होतं?" मालकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"रोज चालतं," बाबा म्हणाला. "टेपवर एकदाही चुकलेलं नाही."

टेपवर! म्हणजे ज्या टेपवर ते शिकलं, त्याच टेपवर बाबा त्याची परीक्षा घेत होता. आणि टेपवर होते मी, पण जुनी. माझा 'स' घरात येऊन महिना झाला होता. जेवताना मी बाबाला मुद्दाम 'सॉस सरकव' म्हणायचे. तो सरकवायचा. यंत्राला कान बसवणाऱ्या माणसाला पत्ताच नव्हता!

आता लागला. तो माझ्याकडे वाकून पुटपुटला, "होकीस, माझ्या जिवा... एकदाच. पूर्वीसारखं बोलशील?"

"इथे? डेनिससमोर?"

"नको तर राहू दे," बाबा म्हणाला, आणि खरंच यंत्र बंद करायला निघाला.

हेच त्याने करायला नको होतं. ओरडला असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. मी माइक ओढला, जीभ दातांबाहेर काढली आणि खोलीभर घुमेल असं म्हटलं, "थात नंबरचा दिवा थुरू!"

सात नंबर लख्ख पेटला. "थात बंद! थगळे थुरू!" अख्खी फळी नाताळच्या झाडासारखी उजळली. मागून डेनिस खिंकाळला. पण पाहुण्यांमधली एक बाई डोळे पुसत उभी राहिली.

"म्हणजे हे यंत्र बोबड्या मुलांसाठी आहे! आधी का नाही सांगितलंत? नीट बोलणाऱ्यांचं तर कुणीही ऐकतं!"

मिस्टर लॅथ्रॉपनी पापणीही न हलवता सांगितलं, "आमचा पहिल्यापासून तोच हेतू होता."

यंत्र घ्यायचं ठरलं. संध्याकाळी बाबा लहमाजूनचा, आमच्या खिमा लावलेल्या पातळ रोट्यांचा, गठ्ठाच घेऊन घरी आला, पण चेहरा उतरलेला.

"लॅथ्रॉपना वाटतं," तो आईला म्हणाला, "अजून तीन ठिकाणी दाखवायचंय, तर तोवर सोसीने शिकवणी जरा थांबवावी. आणि सराव ठेवावा. म्हणजे... जुन्याचा."

आईने ताट आपटलं. "तीन वर्षं बर्फातून गाडी हाकली ती ह्यासाठी? त्या लॅथ्रॉपला म्हणावं, स्वतःची जीभ वाकडी कर!"

"मी कुठे हो म्हटलंय?"

"नाही तरी कुठे म्हटलंस?"

"थांबा थांबा," मी म्हटलं, आणि तोंडातला घास गिळला, कारण मला 'स' अगदी स्वच्छ हवे होते. "मी ठरवलंय. माझी जीभ मागे जाणार नाही. आणि जी मुलं अजून माझ्यासारखं बोलतात, त्यांचं यंत्राला ऐकू येणं बंदही व्हायला नको. बाबा, येत्या रविवारपासून तू मला ती तुझी कंसांची भाषा शिकवायची. आजवर शिकवणीला मी गेले. आता तुझं यंत्र जाईल, 'स' आणि 'थ' दोन्ही ऐकायला शिकेल, सोबत डेनिसलाही बसवू, आणि शिकवणार मी. सॉस सरकव."