गडाआडचा सूर्य

जुन्नरच्या पेठेत उगमबाईंचा उभा जन्म गेला, पण जुन्नर काही त्यांनी पाहिलं नव्हतं. खोटं वाटेल, पण कसं बघणार हो? घरचं कापडदुकान. मारवाडातून पाहुणे आले की पुरुषमंडळी त्यांना लेणी-किल्ले दाखवायला निघायची आणि बाई पहाटेपासून पुऱ्या तळून डबे भरायच्या. आता यजमान सुवालाल गेले, दुकानाचं शटर खाली आलं, आणि उद्या सकाळी मुलगा पारस त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता.

"मम्मी, आजचा डबा मी केलाय," सून राखी म्हणाली. "आज आपणच पाहुण्या!"

गाडी पिंपळवंडीच्या दादाभाऊची. लेण्याद्रीच्या पायऱ्या उगमबाई अशा चढल्या की दादाभाऊच मागं धापा टाकत राहिला. वर माकडानं हातातला ठेपला पळवला, तर या रागवायच्या सोडून खो खो हसल्या. सौदागर घुमटाभोवती फिरून झालं. शिवनेरीवर शिवाईदेवीला नमस्कार केला, महाराजांचा पाळणा पाहिला, आणि गंगा-जमुना टाक्यांपाशी बसल्या त्या उठेचनात.

"भाभी, चला की आता! नाणेघाट लई लांब हाय," दादाभाऊ कळवळून म्हणाला.

नाणेघाट म्हटल्यावर मात्र त्या ताडकन उठल्या. सगळा जीव तिथंच तर अडकला होता. सुवालालांचे आजोबा कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन कल्याणहून तोच घाट चढून आले, वरच्या टाक्यातलं पाणी प्यायले आणि इथलेच झाले. तेव्हापासून घरातला प्रत्येक नवरदेव तिथं जाऊन ओंजळभर पाणी पिऊन यायचा. बायकांना कुणी नेलं नाही. "तुलाही पाजीन," असं सुवालाल दर दिवाळीला म्हणायचे. दिवाळ्या आल्या नि गेल्या, पाणी राहूनच गेलं. आज त्यांनी कमरेला पाणी गाळायचं स्वच्छ गळणं खोचलं होतं. आजचं चुकलं तर पुण्याच्या फ्लॅटमधून पुन्हा कोण कशाला आणतंय?

गाडी चावंडवरून पुढं पळत होती. गाडीतच त्यांनी संध्याकाळचं जेवण उरकलं. पाणी मात्र मुद्दाम प्यायल्या नाहीत; तहान त्या टाक्यासाठी राखून ठेवली होती.

घाटघर दिसायला लागलं आणि सूर्य जीवधन गडाच्या मागं गेला. रस्ताभर सावली पडली.

"गाडी थांबव," उगमबाई म्हणाल्या. "सूर्य गेला. माझा चोविहार आहे. आता उद्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही."

"मम्मी, अजून अवकाश आहे, मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ बघा ना!"

"मोबाईलचा सूर्य मला नको. सासूबाईंनी शिकवलंय, गडाआड सूर्य गेला की तोंड बंद. पेठेतून शिवनेरीआड जाताना रोज बघितलाय मी." पच्चक्खाण, म्हणजे रात्रभर न खाण्यापिण्याचा नियम, घ्यायला त्यांनी हात जोडले, पण डोळे भरून आले. शिवनेरीवर आपणच बसून राहिलो, आता बोल कुणाला लावायचा?

राखीनं ते जोडलेले हातच धरले. "नका पिऊ. पण नियम टाक्यापाशी जाऊन घ्या. नुसतं बघा तरी!"

तेवढं त्यांना पटलं. दादाभाऊनं गाडी दामटली. वर जकातीचा तो भला थोरला दगडी रांजण होता, एरवी त्याच्यापाशीच त्या तासभर रमल्या असत्या. आज ढुंकूनही पाहिलं नाही. दोन कड्यांच्या मधल्या अंधाऱ्या खिंडीत राखीचा हात धरून त्या दगडी पायऱ्या उतरू लागल्या.

आणि खिंड संपता संपता डोळ्यांवर लखकन ऊन आलं.

खाली सगळं कोकण पसरलं होतं आणि त्याच्यावर सूर्य! अख्खा, तांबूस, क्षितिजाच्या चांगला वर. उगमबाई पायरीवरच थबकल्या.

"अगं बाई! हा इथं कसा?"

"त्यो कुटं गेला व्हता भाभी?" दादाभाऊ मागून हसला. "डोंगूर आडवा आला व्हता नुसता."

उगमबाईंनी कपाळावर हातच मारला. "म्हणजे शिवनेरीआड गेला तेव्हाही तो होताच की! अरे देवा! उन्हाळ्यात घसा कोरडा पडायचा, समोर माठ भरलेला, आणि मी आपली हात जोडून बसायची! अहो, मला एकदा इथं आणलं असतंत तर?" शेवटचं वाक्य सुवालालांना होतं. त्यात राग होता आणि मायाही होती.

घाटातल्या लेण्याशेजारच्या टाक्यावर राखीनं गळणं धरलं. गार पाणी ओंजळीत आलं. उगमबाई डोळे मिटून प्यायल्या. हनुवटीवरून ओघळलेलं त्यांनी पुसलंही नाही. मग राखीची ओंजळ त्यांनी स्वतः भरली.

"पी. या घरातल्या बायकांत आपण दोघीच पहिल्या."

राखी प्यायली. सूर्य अजून टेकला नव्हता.

"मम्मी, आता घ्यायचं पच्चक्खाण?"

"थांब गं, एवढी कसली घाई?" उगमबाईंनी पुन्हा ओंजळ पुढं केली. "ओत अजून. तो आहे तोवर पिणार मी."