पिंपाच्या तळाचं तेल

जयवंताचं अत्तर उठत नव्हतं. गुलाब होता, मोगरा होता, खाली खस आणि चंदन. सगळं अस्सल, सगळं मापात. पण मनगटावर लावलं की ते लावल्या जागीच बसून राहायचं. हात नाकाशी नेला तर वास, नाहीतर काही नाही. गेले चार महिने ती माप बदलत होती आणि अत्तर हलत नव्हतं.

नाचारमच्या एका सुगंधाच्या कारखान्यात तिने मिश्रणाच्या खात्यात चोवीस वर्षं काढली होती. अगरबत्तीवाले, साबणवाले, सगळ्यांसाठी तिथे पिंपं भरभरून वास बनायचा, आणि वजनकाट्यापाशी तिची खुर्ची असायची. कारखाना बंद पडला, साहेब लोक दुसरीकडे गेले, तिच्याकडे नाक तेवढं उरलं. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याला, उत्तमरावांना, लकवा मारला. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. उजवी बाजू गेली, बोलणं चार-सहा शब्दांवर आलं. तारनाक्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत तीन वर्षांत फिनेल, मलम आणि ओल्या चादरींचा वास मुरून गेला होता. कारखान्यातल्यासारखे बाटलीतले वास मारून तो झाकावा, तर तिचं डोकं दुखायचं. म्हणून तिने फुलामुळांची तेलं आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्वतःपुरतं अत्तर बनवायला घेतलं होतं. दुपारी उत्तमरावांना भरवून, कुशीवर वळवून झालं, की तासभर तिचा. त्या तासात कधी ती अत्तर करायची, कधी ड्रॉपर हातात धरूनच झोपून जायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रूपाली आली. ही जयवंताची मुलगी, गच्चीबावलीच्या एका कंपनीत होती आणि तिकडेच खोली घेऊन राहायची. तिने पर्समधून करंगळीएवढी कुपी काढली.

"आई, हे ट्राय कर. नॅचरल परफ्यूमवाले वापरतात. वाइनचं तेल आहे."

"दारूचं?"

"दारू नाही गं. वाइन बनून झाली की पिंपाच्या तळाला गाळ बसतो ना, तो वाफेवर धरतात. ढीगभर गाळातून थोडंसं तेल येतं. यात अल्कोहोल नसतं, मी सगळं वाचलंय."

जयवंताने कुपी उघडली आणि मान मागे घेतली. कुजायला आलेलं सफरचंद, त्याच्यामागे खवट तूप, त्याच्याही मागे साबण. "हे कोण अंगाला लावणार?"

"असं नाही लावायचं. अगदी जरासं. चंदनाच्या तेलात पातळ करून, त्यातला एक थेंब."

कुपी आठवडाभर फ्रीजच्या दारात पडून राहिली. जयवंता नांदेडकडची, पंचशील घेऊन वाढलेली. घरात दारू कधी शिरली नव्हती. तिच्या बापाने वस्तीतल्या लोकांच्या हातून बाटल्या फोडवल्या होत्या. गाळ म्हणजे दारू नव्हे, असं तिने स्वतःला चार-पाच वेळा सांगितलं. मग एका दुपारी तिने नव्व्याण्णव थेंब चंदनात त्याचा एक थेंब घातला, आणि त्या मिश्रणातला एकच थेंब अत्तरात. कुपी हलवून ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी तिने कागदाच्या पट्टीवर ते घेतलं आणि पट्टी ओट्यावर ठेवून भांडी घासायला वळली. पाठमोरी असताना तिला गुलाब आला. पाठीमागून, हाक मारल्यासारखा. वाइन कुठेच नव्हती. फुलावर नुकतं पाणी शिंपडावं तसा हिरवा, ओला गुलाब खोलीभर फिरत होता. आतल्या खोलीतून उत्तमराव म्हणाले, "काय?" त्यांच्या उरलेल्या शब्दांतला तो एक.

"अत्तर आहे, अहो," ती म्हणाली. हात ओलेच ठेवून ती दारात टेकली आणि तिला रडू आलं. आनंदापेक्षा ते दमणुकीचं होतं.

कोठीच्या बाजारात मुनव्वर साहेबांचं अत्तराचं दुकान होतं. साठीचा, हळू बोलणारा माणूस. खस आणि चंदन ती त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि ते तिला आपा म्हणायचे. तिने कुपी दाखवली. त्यांनी मनगटाला लावलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम उरकलं, आणि मग वळून तिच्याकडे पाहिलं.

"आपा, ये आप बनाए?"

"हौ."

"क्या क्या डाले?"

"गुलाब, मोगरा, खस, चंदन. थोडा नागरमोथा."

ती थांबली. गल्ल्यामागे भिंतीवर पाटी होती, उर्दूत आणि तेलुगूत, खाली हिंदीत: आमच्याकडचं प्रत्येक अत्तर बिनअल्कोहोलचं आहे. ती पाटी ती कित्येक वर्षं वाचत आली होती. मुनव्वर साहेबांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी बारा कुप्या मागितल्या, आणि ती "परवा देते" म्हणून बाहेर पडली.

कुप्या पोचवल्यावर तीन आठवड्यांत त्यांचा दोनदा फोन आला. लोक विचारून येतायत, आणखी बनवा. कारखाना बंद पडल्यापासून तिच्या हातच्या कामाची कुणी अशी मागणी केली नव्हती. पण फोन ठेवला की तिला पाटी दिसायची. रूपालीला सांगितलं तर ती वैतागली.

"आई, त्यात अल्कोहोल नाहीच. मग खोटं काय बोललीस?"

"त्यांनी विचारलं होतं काय काय घातलं."

"हजारात एक भागसुद्धा नाही गं ते! त्यांना कळणार कसं? सांगून तुला काय मिळणार आहे?"

जयवंताच्या डोक्यात आधीच पुष्कळ काही होतं. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, पाणी किती वाजता येतं, पाठीवरची जखम कुठल्या कुशीवर दुखते. त्यात कुणाला काय सांगितलं आणि काय नाही हेही लक्षात ठेवायचं, एवढं बळ तिच्यात नव्हतं. आपण चांगल्या आहोत म्हणून सांगायला निघालो असं तिला वाटलं नाही. ओझं वाढलं होतं, एवढंच.

एप्रिलातल्या एका मंगळवारी शेजारच्या मंगलाताईंना उत्तमरावांपाशी बसवून ती बसमध्ये चढली. बायकांना तिकीट शून्याचं, त्यामुळे बस बायकांनीच भरलेली. नल्लकुंट्यापर्यंत ती दांडीला धरून उभी होती. बसायला जागा मिळाली तेव्हा तिचा डोळा लागला आणि कोठीला कंडक्टरने उठवलं.

दुकानात दुपारचं कुणी नव्हतं. ती उभ्यानेच बोलली, कारण बसली असती तर चहा आला असता आणि मग बोलणं झालं नसतं.

"साहेब, उस इत्तर में एक चीज और है. मैं बोली नहीं." मग तिने सगळं सांगितलं. वाइन, पिंप, गाळ, वाफ, एक थेंब. अल्कोहोल नसतं हेही सांगितलं, आणि ते सांगताना आपण रूपालीसारखं बोलतोय असं तिला वाटलं.

मुनव्वर साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. "आपकू पहले दिन से मालूम था?"

"हौ."

"मैं पूछा था ना?"

"पूछे थे. मैं पांच नाम बोली. छठा नहीं बोली."

ते ओरडले नाहीत. उठून त्यांनी काचेच्या कपाटातल्या उरलेल्या चार कुप्या काढल्या आणि गल्ल्याखाली ठेवल्या. "कोई मौलाना बोलेंगे जायज है, कोई बोलेंगे नहीं," ते म्हणाले. "वो बात अलग है, आपा. मेरा गिराहक मेरे पे आंख मूंद के लगाता. उसकू मालूम होना था. मेरेकू मालूम होना था."

तिने मान हलवली. ती शेवटी स्टुलावर बसली.

ते कोणकोणाला कुप्या दिल्या ते बोटांवर आठवू लागले. एक शिक्षिका, एक हकीम, दोन मुली ज्या पुन्हा येणार म्हणाल्या होत्या. मध्येच त्यांचं बोट थांबलं.

"सलीम," ते म्हणाले. "बरकतपुरे का. अम्मी का इंतकाल हुआ था. कफन पे लगाने कू ले गया. मैं अपने हाथ से दिया."

बाकीच्या कुप्या परत घेता आल्या असत्या. ही जमिनीखाली गेली होती.

"त्यांना सांगायला पाहिजे," ती मराठीतच बोलून गेली.

त्यांना कळलं. "नक्को. उसकू कुछ नहीं बोलना. दफन हो गया. मैं दिया, मेरे सर पे है. जब ऊपर पूछेंगे तब मैं जवाब देऊंगा."

ती उठणार होती. तेवढ्यात दारात चाळिशीचा एक माणूस आला. चुरगळलेला शर्ट, वाढलेली दाढी, पायरी चढताना त्याने काचेला हात टेकला. मुनव्वर साहेबांचा चेहरा पाहूनच तिला समजलं की हाच सलीम. असं काही घडेल हे दोघांच्याही मनात नव्हतं. त्याला तीच कुपी पुन्हा हवी होती, अम्मीच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी.

"वो खतम हो गया, बेटा," मुनव्वर साहेब घाईने म्हणाले. "अब नहीं बनता."

"एक भी नहीं? अम्मी छे साल बिस्तर पे थे, चचा. कमरे में वो बू..." तो थांबला. "उस दिन पहली बार वो बू नहीं थी. घर में सब बोले, गुलाब खिले जैसा हो गया."

जयवंताला तो वास माहीत होता. ती त्याच वासातून आत्ता आली होती, आणि दोन तासांत पुन्हा त्यातच जाणार होती. तिने मुनव्वर साहेबांकडे पाहिलं. ते डोळ्यांनी नाही म्हणत होते.

"वो इत्तर मैं बनाई," ती म्हणाली. मग राहिलेलं सांगितलं. या वेळी अल्कोहोल नसतं वगैरे काही बोलली नाही, फक्त ते कशापासून निघतं ते. "इनकू मालूम नहीं था. मेरेकू मालूम था."

सलीमने काचेवरचा हात काढून घेतला. रस्त्यावर पुस्तकांच्या दुकानापाशी कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, ते सगळं ऐकू येत होतं. तो आता शिव्या देईल, हात उगारेल, काहीही करेल, आणि आपण ते ऐकून घेऊ, असं ठरवून ती बसली होती.

"कैकू बोले आप?" त्याने विचारलं. "मैं पूछा नहीं था."

"मेरे से संभलता नहीं."

त्याने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. "मैं बहोत थक गया, अम्मा," तो म्हणाला. "मेरेकू अभी गुस्सा भी नहीं आता. शायद बाद में आएगा." तो दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वळला आणि मुनव्वर साहेबांना सलाम करून गेला. तिला केला नाही.

मुनव्वर साहेबांनी गल्ल्याखालच्या कुप्या आणखी आत सरकवल्या. मग मुनव्वर साहेब म्हणाले, "आप जाओ आपा. घर में मरीज है." त्या आवाजात राग होता की नव्हता हे तिला कळलं नाही. घरी पोचल्यावर तिने चादर बदलली, उत्तमरावांना पाणी पाजलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर चटई टाकून पडली. "काय?" ते म्हणाले. तिने सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी डाव्या हाताने तिचे केस चाचपले आणि मग चहा मागितला.

दोन महिने कोठीहून फोन आला नाही, आणि तीही गेली नाही. खस संपत आला तरी दुसरीकडून आणला नाही. उन्हाळा तसाच गेला. रूपालीने घरात उरलेलं ते अत्तर आपल्या नावाने इंटरनेटवर विकायला ठेवलं. जयवंताची अट एकच होती, की वाइनच्या गाळाचं तेल हे नाव चिठ्ठीवर सगळ्यात वर, मोठं यायला हवं. रूपाली म्हणाली असं लिहिलं तर कोण घेईल, पण लिहिलं. थोड्या लोकांनी घेतलं, बऱ्याच जणांनी नाही.

जूनच्या शेवटी मुनव्वर साहेबांनी बोलावलं. त्यांना साधं खस-चंदन हवं होतं, आणि तिला ते जमतं हे त्यांना माहीत होतं. ती तीन तऱ्हेच्या कुप्या घेऊन गेली. त्यांनी चहा मागवला. गिऱ्हाइकांपैकी जे सापडले त्यांना सांगून झालं होतं. तिघांनी कुप्या परत केल्या, हकीम हसले आणि ठेवून घेतली, त्या दोन मुली पुन्हा आल्याच नाहीत.

"और वो?" तिने विचारलं.

"सलीम? आया था. इत्तर नहीं लिया. बैठा, चाय पिया, गया."

"मेरा कुछ बोला?"

"नहीं."

तिने कप खाली ठेवला. बाहेर ढग होते आणि हवा जड झाली होती. चारच्या आत निघायला हवं होतं, मंगलाताईंना कुठेसं जायचं होतं. मुनव्वर साहेबांनी वही काढून कोरं पान फाडलं. यापुढे तिची प्रत्येक कुपी अशाच कागदासकट कपाटात जाणार होती. उर्दू तिला लिहिता येत नव्हती आणि तिचं मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिने सांगायचं आणि त्यांनी लिहायचं असं ठरलं.

"खस," ती म्हणाली. "कन्नौज का. चंदन. नागरमोथा."

ते सावकाश, डाव्या हाताने कागद धरून लिहीत होते. "और?"

"जायफल. जरासा."

"जरासा बोले तो कितना?"

"सौ में एक थेंब."

"थेंब बोले तो?"

"बूंद."

"और?"

"बस. और कुछ नहीं."

त्यांनी लिहिलेलं तिला एकदा वाचून दाखवलं. मग कागदाची घडी घालून कुपीखाली ठेवली आणि दुसरी कुपी पुढे ओढली. "अब ये वाला बोलो, आपा."