बुटाच्या टोकातला कापूस

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात इनायतुल्ला चाचांचे खेळसाहित्याचे आणि दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. त्याच्या दाराजवळच्या खिळ्याला, जाळीच्या पिशवीत, मी लटकत असतो. माझ्या बत्तीस तुकड्यांपैकी बऱ्याच तुकड्यांचा रंग उडाला आहे. एका बाजूची शिवण पुन्हा घातलेली आहे आणि माझ्या पोटातल्या ब्लॅडरवर, म्हणजे हवेच्या पिशवीवर, एक ठिगळ आहे. तरीही मी हवा धरून आहे, आणि मनात तक्रार अशी फारशी नाही. ती का नाही, हे सांगण्यासाठीच आज तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीत झाला. मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुया समोरासमोर ओढत, एका बाईने मला टाका टाका करून शिवले. तिचे नाव मला माहीत नाही. तिने शेवटचा टाका आत ओढून घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि मला ढिगात टाकले. तो टाका आजवर सुटलेला नाही.

हवा काढलेल्या अवस्थेत, चपटा होऊन, मी अकोल्याला आलो. चाचांनी मला फुगवले आणि कपडे शिवणाऱ्यांच्या टेपने माझा घेर आडवा मोजला, मग उभा मोजला. दोन्ही मापे जुळली तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "गोल है. चलेगा." माझ्याशेजारी एक चकचकीत, सोनेरी पट्ट्यांचा फुटबॉल होता. गिऱ्हाइकांची नजर आधी त्याच्यावरच जाई, आणि मला त्याचे वाईट वाटे.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मुलींच्या शाळेचे खेळशिक्षक धर्मपाल सर दुकानात आले. सोबत दोघी मुली होत्या. एक नगमा, उंच आणि मोठ्या हाताची, संघाची गोलरक्षक. दुसरी हर्षा, बारीक अंगाची आणि डाव्या पायाने खेळणारी. मोर्णा नदीच्या काठी तिच्या घरचा भाजीचा मळा होता आणि तिची आई गंगूबाई चाचांच्या दुकानासमोरच भाजी घेऊन बसे.

"सर, तो सोनेरी घ्या ना," हर्षा म्हणाली.

"पोरी, वो देखने का है, ये खेलने का," चाचा म्हणाले. त्यांनी सोनेरी फुटबॉल खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडला. तो वाकड्या दिशेला उडाला आणि बादलीत जाऊन पडला. मग मला सोडले. मी सरळ वर आलो आणि चाचांच्या हातात विसावलो.

सरांनी विचारले, "पाच नंबरचा नको का?"

"चौदाच्या आतल्या पोरी ना? मग चारच. पाच नंबर त्यांच्या पायाले जड जाते. आन् तुमचं मैदान काळ्या मातीचं, वाळलं की दगड. याचं कातडं रबराचं आहे, घासलं तरी लवकर फाटत नाही."

अशा रीतीने मी, साधा आणि स्वस्तातला, निवडला गेलो. त्या दिवसाचे ऋण मी विसरलेलो नाही.

मित्रांनो, फुटबॉलला डोळे असोत वा नसोत, पाय मात्र त्याला ओळखता येतात. आठवडाभरात मला अकराही मुली कळल्या. कोणाचा पाय घाबरत येतो, कोणाचा रागाने, कोणाचा नुसता धसमुसळा. हर्षाचा पाय सर्वांत हुशार होता. ती तेव्हा अनवाणीच खेळे. तिच्या डाव्या पायाच्या आतल्या कडेने मी निघालो की जिथे जायचे तिथेच जाई.

पण लवकरच अमरावतीला दुसऱ्या शाळेशी सामना होता, आणि तिथे अनवाणी खेळता येणार नव्हते. बूट हवेच होते. एका सोमवारी हर्षा नवे कोरे बूट घालून आली. निळे, पांढऱ्या नाड्यांचे. तिच्या पायात आजवर चुलत बहिणीचे उतरलेलेच जोड आले होते. हे पहिलेच तिचे स्वतःचे होते. गंगूबाईने ते आठवडी बाजारातून आणून साऱ्या गल्लीला दाखवले होते.

आणि त्याच दिवशी तो हुशार पाय हरवला.

ती मारी आणि मला पाय लागायच्या ऐवजी काहीतरी मऊ, पोकळ असे लागे. बुटाच्या टोकात पाय नव्हताच. मी भलतीकडे जाऊ लागलो. सर म्हणाले, "हर्षा, पाय ढिला टाकू नको." तिने मान हलवली. मला सारे कळत होते, पण बोलता येत नव्हते. फुटबॉल असण्याचे दुःख मला त्या आठवड्याइतके कधीच झाले नाही.

सरांची एक पद्धत होती. मैदानाच्या कडेपासून ठरावीक अंतरावर दोन विटा ठेवायच्या आणि त्यांच्यामधून दहापैकी किमान सात वेळा मला पाठवायचे. जिला ते जमेल तिला कडेच्या जागेवर खेळता येईल. हर्षाला सोमवारी फक्त तीन वेळा जमले.

सरांनी वहीत आकडा लिहिला. "शनिवारी पुन्हा पाहू. नाही जमलं तर अमरावतीला तुझ्या जागी राखीव खेळाडू प्राजक्ता जाईल. मला संघ पाहावा लागतो, बाळा."

पायऱ्यांवर बसून हर्षाने मोजा काढला. टाचेची साल निघालेली होती.

"अगं, हे काय व?" नगमा म्हणाली. "घरी दाखवलं का?"

"मायले सांगू नको. तिनं लय हौसेनं आणले."

बुधवारी मात्र गुपित आपणहून बाहेर पडले. हर्षाने सारा जीव एकवटून गोलवर पाय मारला. मी उडालो, आणि माझ्यामागून तिचा बूटही उडाला. नगमाने दोन्ही हात पसरून झेप घेतली आणि घट्ट पकडला तो बूट. मी तिच्या बगलेखालून गोलमध्ये गेलो.

"बॉल तुझा, जूता मेरा!" नगमा जमिनीवर पडूनच ओरडली. बाकीच्या मुली पोट धरून हसल्या. मग बुटाच्या टोकातून कापसाचा एक गोळा निघून मातीत घरंगळला, आणि नगमाचे हसू थांबले. तिने बूट आपल्या पायाशी लावून पाहिला. तो तिच्या पायाइतकाच होता, आणि नगमाचा पाय हर्षापेक्षा दोन नंबरांनी मोठा होता.

मी इकडे गोलमागच्या बाभळीच्या काट्यावर जाऊन बसलो होतो आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून माझी हवा सूं सूं करीत निघत होती. त्यामुळे मला आणि त्या बुटाला एकाच वेळी चाचांच्या दुकानात नेण्यात आले. त्या काट्याचेही मी उपकार मानतो.

चाचांनी माझी शिवण थोडी उसवली, ब्लॅडर बाहेर काढले, पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहिले आणि ठिगळ बसवले. गोंद वाळेपर्यंत त्यांनी बूट हातात घेतला. आत बोट घालून आणखी कापूस काढला.

"ये किसने भरा?"

तेवढ्यात समोर भाजी लावून बसलेली गंगूबाई पोरीला दुकानात पाहून उठून आली.

"काय झालं इनायतभाऊ? बूट उसवला का? नवाच तं आहे!"

"उसवला नाही गंगूबाई. मोठा आहे. दोन नंबर."

"मोठाच घेतला! वाढत्या पायाचा घ्या लागते. पोट्टीचं पाऊल काय असंच राहणार आहे? तीन वर्षं पाहा लागत नाही आता."

"पोरीला सोबत नेलं होतं का?"

"शाळा होती ना तिची. म्या सुतळीनं पाय मोजला, वरून दोन बोटं वाढीची धरली आन् तिथंच गाठ मारली. विकणाऱ्यानं म्हटलं, अजून थोडा सैल घ्या, कापूस भरा. म्हून घरचा वातीचा कापूस भरला म्या." तिच्या बोलण्यात अभिमान होता, कारण कापूसही तिने स्वतः पिंजून, निवडून भरला होता.

चाचांनी हर्षाला म्हटले, "मोजा उतार बेटी."

टाच पाहिल्यावर गंगूबाईने खाली बसून ते पाऊल मांडीवर घेतले. "काहून सांगितलं नाही व मले?"

"तू साऱ्याइले दाखवून राहिली होती," हर्षा हळूच म्हणाली.

मग चाचांनी विचारले, "गंगूबाई, हर्षा मळ्यात निंदायला येते का?"

"येते. सुट्टीच्या दिवशी."

"तिचं खुरपं कोणतं?"

"लहान आहे. लोहाराकडून मुद्दाम करून घेतलं. माह्यं खुरपं तिच्या हातात फिरते. एकदा बोट कापलं होतं तिचं."

"का बरं लहान केलं? हात तं वाढणारच आहे तिचा."

गंगूबाईने बुटाकडे पाहिले, पोरीच्या टाचेकडे पाहिले. "बोलून बसले बाप्पा मी," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसता पुसता हसली.

त्यानंतर चाचांनी जे केले ते मी उसवलेल्या शिवणीनिशी, पण सर्व लक्ष देऊन पाहिले. त्यांनी हर्षाला कागदावर उभे केले, बसवले नाही, कारण उभे राहिल्यावर पाऊल पसरते. दोन्ही पावले आखली आणि मोठे निघाले ते माप धरले. "संध्याकाळी आलात हे बरं झालं," ते म्हणाले. "दिवसभर चालून पाय थोडा फुगते. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावते." मग त्यांनी फळीवरून एक करडा कॅनव्हासचा जोड काढला. दिसायला अगदी साधा. तळाला रबराचे पुष्कळ लहान लहान उंचवटे. तो त्यांनी पुढच्या बाजूने वाकवून दाखवला.

"लंबे काँटेवाला गवतावर ठीक. आपल्या वाळल्या काळ्या मातीत तो रुतत नाही, घसरते. हा धरून ठेवते. आन् पुढं अंगठ्याच्या नखाएवढी जागा सोडायची. बस. त्याच्याहून जास्त नाही."

हर्षाने तो घालून टाच उचलून पाहिली. टाच बुटासह उचलली गेली.

अडचण राहिली ती निळ्या बुटांची. ती नगमाने सोडवली. "मले अब्बू जुम्मे के दिन नवे जूते घेऊन देणार होते. ते पैसे हर्षाच्या या जोडाचे समजा. हे निळे मी घेते. मी तं मैदानावरच पकडले होते!"

"अन् बॉल सोडला होता," हर्षा म्हणाली. त्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकले.

शनिवार आला. विटा मांडल्या गेल्या. कुंपणाबाहेर गंगूबाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. हर्षाने पहिल्यांदा मारले, आणि मी विटेच्या बाहेरून गेलो. दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्यांदाही. सरांनी वहीत तीन रेघा ओढल्या. आता एकही चुकवून चालणार नव्हते.

कारण मला कळत होते. निळा बूट निसटू नये म्हणून तीन दिवस ती बोटे आत आवळून धरत होती. बूट बदलला होता, पण आवळण्याची सवय गेली नव्हती. मला ओरडावेसे वाटले. माझ्याऐवजी नगमा ओरडली, "अगं, बोटं सोड! आता कोणी पळून नाही जात!"

हर्षा थांबली. तिने पाय दोनदा जमिनीवर आपटला. चौथ्या वेळी मला कॅनव्हासमागे तिची पाचही बोटे लागली, मोकळी आणि भरलेली. मी दोन्ही विटांच्या बरोबर मधून गेलो. मग पाचव्यांदा गेलो, सहाव्यांदा गेलो. दहाव्या वेळी उजवीकडच्या विटेला निसटता स्पर्श करून गेलो, पण आतूनच गेलो. सरांनी वही मिटली आणि हर्षाजवळ येऊन म्हणाले, "मी तुझ्या पायाकडे पाहत राहिलो, बुटाकडे पाहिलं नाही. चूक माझी होती."

अमरावतीच्या सामन्यात मी खेळलो नाही. तिथे आयोजकांचा नवा फुटबॉल होता. मी जाळीच्या पिशवीत, मैदानाच्या कडेला, पाण्याच्या बाटल्यांशेजारी होतो. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण आत जाण्यापूर्वी हर्षा माझ्याकडे आली आणि डाव्या पायाच्या आतल्या कडेने मला हलकेच एकदा ढकलले. आमचा संघ एका गोलने हरला. मात्र आमच्याकडून झालेला एकमेव गोल हर्षाने कडेवरून पाठवलेल्या चेंडूवर झाला, आणि निळ्या बुटांतल्या नगमाने त्या दिवशी सहा फटके अडवले. परतताना बसमध्ये मी हर्षाच्या मांडीवर होतो.

पुढे तीन वर्षे मी त्या मैदानावर राबलो. मग शाळेने नवा फुटबॉल घेतला, आणि चाचांनी मला मागून घेऊन या खिळ्याला लावले. आता कोणी फुटबॉल घ्यायला आले की ते मला खाली काढतात, फरशीवर सोडतात आणि म्हणतात, "इतक्या वर्षांनी बघा कसा येते." मी अजूनही सरळच येतो.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. आम्हांला उन्हात तापत ठेवू नका, आमच्यावर बसू नका, आणि अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जाऊ, एवढीच हवा भरा. आम्ही महाग असायला हवे असे नाही, तुमच्या पायाला आणि मैदानाला जुळणारे असलो की पुरे. आणि बूट चावत असेल तर घरी सांगा. सांगितल्याने कोणाची हौस कमी होत नाही.

परवा दुकानात एक बाई हातात सुतळी घेऊन आली. सुतळीला दोन बोटे पुढे गाठ मारलेली होती. "वाढत्या पायाचा द्या," ती म्हणाली. चाचा काही बोलणार, तोच समोरच्या भाजीच्या ढिगामागून खणखणीत आवाज आला. गंगूबाई मेथीची जुडी हातात घेऊन उठली होती.

"अवं बाई, ते सुतळी ठेव घरी अन् पोराले घेऊन ये! इनायतभाऊ, हिले आजच्या पायाचा द्या."