धृपद दोनदा

"मशिनी काढून घ्या म्हणावं, मग बघू कसा गातो ते," हरिचंद मांडवात बसल्या बसल्या म्हणाला, आणि ऐकू जावं अशाच आवाजात म्हणाला. समोर ओट्यावर प्रज्ञेश पांढरा सदरा घालून भंतेजींच्या शेजारी बसला होता. त्यानं ऐकलं. मान खाली घातली.

जळबा वारला होता, त्याच्या मागं करायचं पुण्यानुमोदन होतं. जळबा म्हणजे आमच्या शिरड शहापूरच्या गायन पार्टीचा गाणारा आणि प्रज्ञेश त्याचा एकुलता एक. जळबा पेटी धरून गायचा, मी ढोलकीला, हरिचंद मागं कोरसला. तसा माझा धंदा स्टँडजवळ पाण्याच्या जळालेल्या मोटारी तार भरून दुरुस्त करायचा. पण मोटारीवरून मला कोण ओळखतो? प्रेमानंद म्हणजे ढोलकी. कुरुंद्यापासून सेनगावपर्यंत कुणालाही विचारा, प्रेमानंदच्या हाताशिवाय जळबाचं गाणं चढत नाही, असंच सांगतील. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि हा प्रज्ञेश! पुण्यात त्याचा रॉक बँड. अंगात काळे कपडे, केस खांद्यापर्यंत, गळ्यात गिटार, मागं धूर आणि लाल-निळे दिवे. खाली हजारो पोरं वेडी होऊन उड्या मारतात. मोबाईलवर लाखो लोक बघतात म्हणे. आमच्या वस्तीतली पोरं त्याचा फोटो छातीवर छापून फिरतात. मी एक-दोनदा ऐकून बघितलं. शब्द कळेना, चाल कळेना, नुसता कल्ला. त्यात हरिचंदनं कुठून तरी बातमी आणली, की ही माणसं स्टेजवर गातच नाहीत, आधी भरून ठेवलेलं वाजवतात आणि वर तोंड हलवतात. मला ते लगेच पटलं. पटायला मी बसलोच होतो. नाव काय, हल्ली दिव्यांनीसुद्धा होतं.

त्या दिवशी वाद उभा राहिला तो पेटीवरून. प्रज्ञेशनं आल्या आल्या हात जोडून पार्टीकडं एकच मागितलं, वडिलांची पेटी. पण ती पेटी जळबाच्या घरची नव्हती, पार्टीची होती. आमच्या पार्टीची रीत अशी, की गाणारा गेला की त्याच्या पुण्यानुमोदनात पार्टी बसते, त्याची जागा रिकामी ठेवते, आणि जो त्या जागेवर बसून त्याचं गाणं नीट पार पाडतो, पेटी त्याची. हरिचंद सारा जन्म मागं बसून त्या जागेकडं बघत होता. त्यानं सरळ सांगून टाकलं की नाव मोठं असेल तर ते पुण्यात, इथं पेटी नावाला मिळत नाही. माइक नाही, मशीन नाही, बसायचं आणि गायचं. प्रज्ञेश म्हणाला, बसतो.

चांगुणावहिनीनं, म्हणजे जळबाच्या बायकोनं, मला आत बोलावून घेतलं. खिरीच्या पातेल्याजवळ उभी होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "भाऊजी, लेकराला सांभाळून घ्या."

मी हो म्हणालो. पण पोटात वेगळंच शिजत होतं. जळबा खाटेवर पडला तेव्हा त्याच्या तोंडात पाणी मी घातलं, आणि हा तिकडं दिव्यात नाचत होता. आता याला त्याच्या जागेवर बसायचं होतं! अंगाची नुसती लाही होत होती. मी ठरवून टाकलं, याला पाडायचा. गाणाऱ्याला पाडणं ढोलकीवाल्याच्या हातात असतं. लय चढवायची, कच्चा असेल तर दम तुटून आपोआप खाली येतो.

त्रिशरण, पंचशील झालं. मांडव गच्च भरलेला. प्रज्ञेश जागेवर बसला, पेटीला हात लावून कपाळाला लावला आणि सुरुवात केली. गाणं जळबानं स्वतः बांधलेलं, आपल्या आईवर. भर उन्हात विहिरीवर दगड फोडणारी आई आणि झाडाखाली झोळीत लेकरू. पोराचा आवाज आधी घोगरा लागला, मग उघडला. पहिलं कडवं सरळ गेलं. म्हटलं, एवढं कुणालाही येतं.

दुसऱ्या कडव्याला मी लय चढवली. तो आला बरोबर. आणखी चढवली, तरी आला. मधेच हात आखडला, तर तोही तिथंच थबकला, जसा काही माझ्या मनात बसून गात होता. एकदा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय करतोय ते त्यानं ओळखलं होतं. रागावला नाही. मला मात्र जास्तच राग आला आणि तिसऱ्या कडव्याला मी दुप्पट लय धरली. मनगट पेटलं, घाम डोळ्यात उतरला आणि एका जागी हात घसरला. सम चुकली. कुणाची? माझी, या प्रेमानंदची!

गाणारा आता तसाच पुढं गेला असता, तर माझी ढोलकी भर मांडवात उघडी पडली असती. प्रज्ञेशनं कडवं अर्ध्यावर सोडलं आणि धृपदावर, गाण्याच्या पहिल्या ओळीवर, आला. एकदा घेतलं, परत घेतलं, माझ्याकडं न बघता, समोर बुद्धाच्या मूर्तीकडं बघत. माझा हात समेवर आला तेव्हाच त्यानं कडवं पुन्हा उचललं. हे मशीन शिकवत नाही. त्यासाठी दुसऱ्याचं वाजवणं आपल्या गाण्याइतकं ऐकावं लागतं. मी खाली मान घालून वाजवत राहिलो. लाज वाटली, दुसरं काही नाही.

गाणं संपलं आणि हरिचंद लगेच बोलला, "अडकला का न्हाई? कडव्याचे शब्द इसरला आन धृपदावर पळाला."

माना हलायला लागल्या. खरंय, दोनदा घेतलं त्यानं धृपद. बापाचं गाणं पाठ नाही आणि म्हणे मोठा गाणारा. मग सगळा मांडव माझ्याकडं वळला, कारण पार्टीत वडीलधारा मीच. खरं बोलावं तर जन्मभराचं नाव जातं, गप्प बसावं तर पोराची पेटी जाते.

प्रज्ञेशच हळू म्हणाला, "व्हय, इसरलो मी."

ते ऐकून मला बसवेना. "न्हाई," मी म्हणालो, "त्याचं काईच चुकलं न्हाई. त्याला पाडायला म्या लय चढवली, आन माझाच हात घसरला. त्यानं सावरून घेतलं मला."

मग हरिचंदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, दोस्ताच्या पोरासाठी सोतावर घेऊन राहिले तुमी. मन मोठं हाय तुमचं. पन तुमचा हात आन घसरंल?"

लोक हसले, बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी शपथा घेतल्या, चिडलो, ओरडलो. जितका ओरडलो तितकं माझं मन मोठं होत गेलं. शेवटी हरिचंदनं त्या जागेवर बसून तेच गाणं पार पाडलं आणि पेटी त्याच्याकडं गेली. प्रज्ञेश माझ्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला.

तो गेल्यावर मी चांगुणावहिनीसमोर उभा राहिलो. म्हटलं, माझ्यामुळं तुमच्या लेकराचं वाटोळं झालं, आणि माझं खरं कुणी मानत नाही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

"मला म्हाईत हाय तुमचा हात घसरला ते," ती म्हणाली. "तुमचा हात घसरला की आमच्या घरचे बी असंच धृपद दोनदा घ्यायचे. म्या एकदा इचारलं, तर म्हणले, प्रेमानंदला सांगू नको, कळलं तर त्याचा हात उठायचा न्हाई."

जळबानं धृपद दोनदा घेतलं की मला वाटायचं, गडी रंगात आलाय. मी मान डोलवून त्याला दाद द्यायचो. असे किती कार्यक्रम, कुरुंद्याचे, सेनगावचे, आता आठवायलाही नको वाटतं.

पुढच्या आठवड्यात हरिचंदनं विहारात सरावाला बोलावलं. मी गेलो. जळबाच्या जागेवर बसून तो चांगला गात होता, आवाज खणखणीत. दुसऱ्या कडव्याला माझा हात घसरला. हरिचंदनं गाणं थांबवलं आणि तो माझ्या हाताकडं बघत राहिला.