बालवाडीत राजे येतात

तानुबाईचा धाकटा मुलगा जोतीराम दत्तक गेला तेव्हा साडेचार वर्षांचा होता.

येरळगावचं संस्थान एवढंसं, पंधरा-सोळा गावांचं. विलीनीकरणानंतर राजेसाहेब सांगलीला विश्रामबागेत बंगला बांधून राहिले आणि तिथंच वारले. मागे राणीसाहेब एकट्या उरल्या. मूलबाळ नव्हतं. गादीला वारस हवा, तोही रक्तातला, म्हणून कारभारी भाऊसोंनी सगळी भाऊकी धुंडाळली आणि शोध नाथाजीच्या घरापाशी येऊन थांबला. नाथाजी राजघराण्याच्याच आडनावाचा, राजेसाहेबांचा चार पिढ्यांपलीकडचा चुलतभाऊ लागत होता. आठ एकर माळरान, दोन मुलगे आणि एक मुलगी एवढाच त्याचा संसार.

राणीसाहेब स्वतः त्याच्या घरी आल्या. घोंगडीवर बसल्या, ताक प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाथाजीराव, एक मागणं घेऊन आले आहे."

नाथाजीकडे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. गावच्या बैठकीत त्याला कुणी बोलावत नसे, आणि बोलावलं तरी त्याचं मत विचारत नसे. राणीसाहेब पदर सावरून समोर बसलेल्या पाहून त्यानं बसल्या जागी हो म्हटलं. मोटार गेल्यावर तो आत आला तेव्हा त्याची बायको तानुबाई चुलीपुढं तशीच बसून होती.

"आवं, मला इचारायचं तरी," ती म्हणाली.

"शब्द गेला आता," नाथाजी म्हणाला. "आणि पोराचं चांगलंच होतंय की."

वैशाखात विश्रामबागेच्या बंगल्यात विधी झाला. होम पेटला, भटजींनी मंत्र म्हटले, नाथाजीनं जोतीला उचलून राणीसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. तानुबाई मागच्या बायकांत उभी होती. त्या दिवसापासून जोतीचं नाव यशवर्धनराजे झालं. निघताना भाऊसो तिच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता, पण काम चोख करणारा होता. "तानुबाई, दोन वर्षं तरी भेटीला येऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही दिसलात की पोरगं रुळायचं नाही. त्याच्याच भल्याचं सांगतोय." तिनं मान हलवली.

तानुबाई गावातल्या बालवाडीत मदतनीस होती. झाडलोट करायची, हंड्यात पाणी भरायचं, पावडरीचं दूध कालवून तापवायचं आणि मधल्या सुट्टीत पेले भरून द्यायचे. जोती तिच्याबरोबर रोज तिथं यायचा. तो गेल्यावर ती काम सोडील असं सगळ्यांना वाटलं. पण सांगलीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला दारात हजर झाली. बालवाडीच्या शिक्षिका बयाबाई स्वतः विधवा होत्या, पोरं मोठी करून पन्नाशीला टेकलेल्या. त्या म्हणाल्या, "चार दिवस घरी थांब गं."

"घरात काय करू, बाई?" तानुबाई म्हणाली आणि तिनं खराटा घेतला.

पुढं दीड वर्षानं तिची धाकटी सखू बालवाडीत येऊ लागली. त्याच हिवाळ्यात राणीसाहेबांनी बालवाडीला नवी खोली बांधून दिली. कौलारू, दोन खिडक्या, आत शहाबादी फरशी. पासष्टच्या जानेवारीत निरोप आला की खोलीचं उद्घाटन राजे स्वतःच्या हातानं करणार आहेत.

गाव हरखून गेला. सहा वर्षांचे राजे आणि तेही आपल्याच गावचे, आपल्याच बालवाडीत बसलेले. पोरांना रांगेत बसायला शिकवण्यात आणि स्वागताचं गाणं बसवण्यात बयाबाईंचे आठ दिवस गेले. नाथाजीनं म्हसवडच्या बाजारातून नवा फेटा आणला. तानुबाईनं काहीच केलं नाही. फक्त पेले राखेनं घासले, रोज, आठही दिवस.

आदल्या दिवशी भाऊसो येऊन सगळी व्यवस्था पाहून गेले. ओवाळायला पाटलांच्या सुना ठरल्या. जाताना ते स्वयंपाकाच्या छपरीत डोकावले.

"तानुबाई, तुम्ही उद्या आतच थांबा. आणि ते समोर आलेच, तर नावानं हाक मारायची नाही. राजे म्हणायचं."

"व्हय," ती म्हणाली.

"रागावू नका."

"न्हाई. रागवायचं काय त्यात."

सकाळी दहाला मोटार आली. हलगी वाजली. आधी राणीसाहेब उतरल्या आणि त्यांचा हात धरून राजे. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला मोत्याचा तुरा लावलेला छोटा फेटा, पायात चकचकीत बूट. छपरीच्या कुडाला बोटभर फट होती, तिला तानुबाईनं डोळा लावला. पोरगं उंच झालं होतं. गालांना बाळसं आलं होतं. चालताना उजवा पाय जरासा आत पडायचा, तेवढं मात्र अजून तसंच होतं.

गावकऱ्यांत पुढं नाथाजी उभा होता. राजे समोर येताच तो कमरेत वाकला आणि त्यानं तीनदा मुजरा केला. राजांनी शिकवल्याप्रमाणं छातीशी हात नेला आणि पुढं गेले. नाथाजी सरळ झाला. फेटा सारखा करण्याच्या निमित्तानं तो गर्दीच्या मागं निघून गेला आणि पुन्हा पुढं आला नाही.

फीत कापून झाली, गाणं झालं. राजे एकेका मुलाच्या हातात पेढ्याची पुडी देत रांगेतून फिरू लागले. पुडी घेतली की मूल नमस्कार करायचं. सगळं नीट चाललं होतं. सखूची पाळी आली. चार वर्षांच्या पोरीला कुणी काही पढवलेलं नव्हतं, आणि पढवलं असतं तरी ते टिकलं नसतं.

"दादा," ती म्हणाली, "आई आत दूध तापीवती."

राजांनी पुडी तिच्या हातात ठेवली आणि वळून राणीसाहेबांकडे पाहिलं. भाऊसो पुढं सरकले. राणीसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. राजांना खुर्चीजवळ बोलावून, त्यांचा फेटा काढून त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"जा," त्या म्हणाल्या. "भेटून या."

"राणीसाहेब—" भाऊसो म्हणाले.

"मी सांगितलंय. एकटे जाऊ देत."

छपरीत तानुबाई आणि बयाबाई दोघीच होत्या. बयाबाई ताट न्यायला आल्या होत्या, त्या कोपऱ्यात सरकल्या. जोती दारात उभा राहिला. धुरानं त्याचे डोळे चुरचुरले असावेत, त्यानं ते मिचकावले. तानुबाईनं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले.

"दूध घ्या, राजे," ती म्हणाली.

तो जवळ आला. आवाज बारीक करून, सांगलीतलं बोलणं विसरून तो म्हणाला, "तू म्हनलीस रडू नगं. मी रडलो न्हाई."

बंगल्याच्या पायरीवर त्याला सोडताना ती तसं म्हणाली होती. शहाण्यासारखा राहा, रडू नको, मी येते बघायला, असं तिनं त्याच्या कानात सांगितलं होतं. त्यानंतर पाचच मिनिटांनी भाऊसोंनी तिला भेटीची बंदी सांगितली होती, आणि ते जोतीला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग आली का न्हाईस?" त्यानं विचारलं.

तानुबाईला खरं सांगता आलं असतं. मला येऊ दिलं न्हाई, एवढेच शब्द पुरले असते. तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर राणीसाहेब खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवरच्या छोट्या फेट्यावर दोन्ही हात ठेवून. त्यांची बोटं त्या फेट्याची कड सारखी चाचपत होती.

"वेळ झाला न्हाई," तानुबाई म्हणाली.

"रोज न्हाई झाला?"

"शेतातली कामं असत्यात. सखू ल्हान. न्हाई झाला वेळ."

पोरगं तिच्याकडं बघत राहिलं. मग त्यानं पेला घेतला, दूध सगळं पिऊन टाकलं, पेला खाली ठेवला आणि कोटाच्या खिशातल्या रुमालानं ओठ पुसले. "आम्ही येतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला. राणीसाहेबांनी त्याला जवळ ओढून घेतलं, फेटा डोक्यावर ठेवला. त्यानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोटार निघेपर्यंत काढलं नाही.

गर्दी पांगल्यावर बयाबाई परत छपरीत आल्या. तानुबाई पेले विसळत होती.

"खोटं का बोललीस गं?" बयाबाईंनी विचारलं. "पोराच्या मनात कायमचं राहील ते."

"त्याला तितंच ऱ्हायाचं हाय, बाई," तानुबाई म्हणाली. "राणीसाहेबांवरनं मन उडालं तर त्यानं जायचं कुणाकडं? माझ्यावरनं उडालं तर चालतंय."

बयाबाई तिच्याशेजारी पाटावर बसल्या आणि त्यांनी उरलेले पेले पुसायला घेतले.

सदुसष्टच्या दिवाळीत राणीसाहेबांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. राजे येत्या जूनपासून पाचगणीला शाळेत राहतील, त्याआधी तुम्ही दोघं येऊन भेटून जावं. बंदी केव्हाच संपली होती. तानुबाईच गेली नव्हती. बोलावल्यावर मात्र तिनं करंज्या केल्या, स्वच्छ फडक्यात बांधल्या आणि नाथाजीबरोबर एसटीनं विश्रामबागेला गेली.

राजे दिवाणखान्यात आले. नऊ वर्षांचे झाले होते. त्यांनी वाकून दोघांच्या पायांना हात लावला. "प्रवासात त्रास नाही ना झाला?" त्यांनी विचारलं. धोंडिरामची, म्हणजे थोरल्या भावाची, चौकशी केली. सखू कितवीत आहे ते विचारलं. एक करंजी खाल्ली, छान झाली आहे म्हणाले. नंतर राणीसाहेबांकडं वळून म्हणाले, "आईसाहेब, मित्र थांबलेत. खेळायला जाऊ?"

राणीसाहेबांनी तानुबाईकडं पाहिलं.

"जाऊ द्या की," तानुबाई म्हणाली.

ते गेल्यावर राणीसाहेब उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, "लहानपणी त्याला झोप कशी लागायची? अजून फार उशिरा झोपतो."

"पाठीवर थोपटावं लागतंय," तानुबाई म्हणाली. "हळू. मानेखाली."

तिनं हवेतच हात हलवून दाखवलं, आणि राणीसाहेबांनी नीट पाहून घेतलं.

परतीच्या एसटीत नाथाजी खिडकीशी बसला होता. विटा आल्यावर तो म्हणाला, "लय शहाना झालाय पोरगा."

"व्हय," तानुबाई म्हणाली आणि तिनं रिकामं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.