लाल टोपातली फांदी

माझी सत्तरी जवळ आली तेव्हा झिबुयिलेने जोहान्सबर्गहून फोन करून विचारलं, आई, तुला काय हवं ते सांग. झिबुयिले माझी धाकटी लेक. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिथल्या शिपायाशी बोलते तशीच माझ्याशीही बोलते, विचारलं की लगेच उत्तर पाहिजे. मी म्हटलं, जहाज. डर्बनहून सुटून मोझांबिकच्या बेटापर्यंत जाऊन येतं ना, ते. सगळ्यांना घेऊन. तिने मला ते दोनदा म्हणायला लावलं. कारण मी समुद्राकडे पाठ करून बसणारी बाई. बारा वर्षं झाली, डर्बनला गेले तरी किनाऱ्याच्या रस्त्याने जात नाही आणि घरात मासा शिजवू देत नाही.

माझा थोरला, फलाखे, त्याच पाण्यात आहे. कोळंबीच्या बोटीवर कामाला होता. त्या बेटांजवळ, दीपगृह दिसतं तिथे, वादळात जाळं ओढता ओढता गेला. हाती काहीच लागलं नाही, त्यामुळे पुरायलाही काही मिळालं नाही.

आमच्यात माणूस परक्या ठिकाणी वारला तर त्याला तिथून घरी आणावं लागतं. बोरीच्या जातीचं एक झाड आहे, त्याच्या पेरापेरावर दोन काटे असतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. त्याची फांदी न्यायची. माणूस गेला तिथे ती टेकवायची आणि नाव घेऊन सांगायचं, चल, घरी जाऊ. तो फांदीवर येऊन बसतो. मग गाडीत त्याची जागा धरायची, नदी आली की नदी आली म्हणून सांगायचं. आणि फांदी नेणाऱ्याने घर येईपर्यंत दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. बोलला की तो वाटेतच उतरतो, आणि मग पुन्हा बोलावलं तरी येत नाही.

हे काम घरच्या पुरुषाचं. माझा नवरा फलाखेच्या आधीच गेला. उरले माझे धाकटे दीर, जभिसा भावोजी. ते चर्चमध्ये डीकन आहेत, पाद्रीबुवांच्या खालोखाल. मेलेले ऐकत नाहीत आणि येत नाहीत, असं दर रविवारी चढ्या आवाजात सांगतात. आणि फलाखेला त्या बोटीवर लावून दिलं होतं तेही यांनीच. तेव्हापासून त्यांनी पोराचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही आणि माझ्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. आले तर अंगणातून बोलतात.

बारा वर्षं मी त्यांची वाट पाहिली. आता थांबायला वेळ नव्हता. फलाखेची पोर नोक्वांडा, जिला मीच वाढवलं, यंदा एकवीस वर्षांची झाली. सप्टेंबरात तिच्या मोठं होण्याचा सोहळा आहे. गाय कापायची, पोरीने भाला हातात घेऊन नाचायचं आणि बापाला सांगायचं की तुझी लेक मोठी झाली. पण आमच्या गोल झोपडीत मागच्या भिंतीशी, जिथे आमची गेलेली माणसं बसतात, तिथे तिचा बापच नाही. मग सांगायचं कुणाला, पाण्याला?

झिबुयिलेला मी यातलं काही बोलले नाही. बोलले असते तर तिने मला समजावलं असतं, आणि मला समजावलेलं आवडत नाही.

आम्ही चौदा जण निघालो. सगळ्यांच्या अंगात झिबुयिलेने शिवून आणलेले पिवळे सदरे, पाठीवर माझं नाव आणि सत्तरचा आकडा, जशी काही मी धावायच्या शर्यतीतली घोडी. सदरा मी घातला. पण डोक्यावर माझा लाल टोप, लग्न झालेल्या बाईचा, सुपाएवढा रुंद. झिबुयिले म्हणाली, आई, तो जहाजाच्या दारातून आत जायचा नाही. मी म्हटलं, मग जहाज बाहेर राहील.

टोपाच्या अस्तराखाली ती फांदी होती.

बंदरावर पाटी होती, फळं नाहीत, रोपं नाहीत, माती नाही. बॅगा यंत्रातून गेल्या. तिथल्या पोरीने मला टोप काढायला सांगितलं. मी तिला विचारलं, तुझं लग्न झालंय का? नाही म्हणाली. मी म्हटलं, झालं की पहिल्या दिवशी सासूला टोप काढायला सांग, आणि काय झालं ते मला येऊन कळव. मागची रांग हसली आणि पोरीने मला हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. काटा माझ्या कपाळात रुतत होता. तेव्हा मला हसू आलं नाही.

दुसरा दिवस सगळा पाण्यात. वरच्या डेकवर भावोजी खुर्चीत बसलेले सापडले. पिवळ्या सदऱ्यावर टाय बांधलेला. मी म्हटलं, भावोजी, इथे कुणाला पुरायचं आहे का? ते हसले नाहीत. मग मी त्यांना सरळ सांगितलं काय आणलंय आणि उद्या काय करायचंय. म्हटलं, हे तुमचं काम आहे. मी गप्प बसणारी बाई नाही, माझ्याच्याने निभणार नाही. तुम्ही करा.

त्यांनी टायची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "वहिनी, मी काही ऐकलं नाही. मला काही माहीत नाही."

"तुम्हाला बारा वर्षं काही माहीत नाही," मी म्हटलं आणि उठले.

रविवारी सकाळी जहाज बेटासमोर थांबलं. छोट्या बोटींनी आम्हाला वाळूवर नेलं. समोरच्या मोठ्या बेटावर दीपगृह उभं होतं. फलाखेच्या बोटीवरचा एक जण बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे येऊन सांगून गेला होता, दीपगृह डाव्या हाताला, हे बेट समोर. तेवढं मी विसरले नव्हते.

पोरं पाण्यात पळाली, झिबुयिले सगळ्यांना क्रीम लावायला लागली. मी एकटीच लांब चालत गेले. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले, टोप काढला, फांदी काढली आणि लाटेला टेकवली. पूर्ण नाव घेऊन म्हटलं, फलाखे शेझी, मी तुझी आई. उशीर झाला, माझं चुकलं. चल, घरी जाऊ. फांदी हाताला जड लागली. ओली झाली म्हणून असेल, कुणी काही म्हणो. मी ती टोपात ठेवली, टोप डोक्यावर चढवला आणि तोंड मिटलं.

मागे वळले तर वाळूवर भावोजी उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि निघून गेले.

दुपारी कोंबडी आली. करपलेली, मीठ नाही. मी मुकाट्याने खाल्ली. तेव्हाच झिबुयिलेने माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं. परतीच्या बोटीत मी माझ्या शेजारच्या जागेवर बॅग ठेवली. एक गोरी म्हातारी उभी होती. झिबुयिले म्हणाली, आई, बॅग उचल, त्यांना बसू दे. मी बॅगेवर हात घट्ट धरून ठेवला. सगळी बोट बघायला लागली. झिबुयिलेने उठून त्या बाईंना स्वतःची जागा दिली आणि म्हणाली, "माफ करा. आमच्या आईला सगळं जग तिच्याच अंगणात आहे असं वाटतं."

माझ्या जिभेवर काय आलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ते मी गिळलं. खाली मान घालून ओठातल्या ओठात फलाखेला सांगितलं, बोट हलते आहे, घट्ट बस.

झिबुयिलेला माझे ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. तिचा चेहराच उतरला. माझा रक्तदाब तिला माहीत आहे, आणि माझी बहीण कशी गेली तेही माहीत आहे. सकाळी उठली, बोलता येईना, संध्याकाळी गेली.

जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या तिने मला दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. ती म्हणाली, दोन्ही हात वर करा. केले. हसा. तेही केलं, जमेल तसं. तुमचं नाव सांगा. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने कागद आणि पेन पुढे केलं. मी चाळिसाव्या वर्षी चर्चच्या वर्गात लिहायला शिकले, हात बरा आहे माझा. पण लिहिणं म्हणजे बोलणंच. मी पेन परत ठेवलं. तिने आपल्या कागदावर काहीतरी खूण केली.

एक युक्ती माझ्या मनात आली. फलाखेशी बोलायला मला बंदी नव्हती. त्याच्याशी मोठ्याने बोलावं, म्हणजे या सगळ्यांना ऐकू जाईल. कोंबडीला शिव्या देऊन शेजारणीला ऐकवण्यात माझा हात धरणारं आमच्या डोंगरात कुणी नाही. पण तो लहानपणी दर वेळी मला पकडायचा. म्हणायचा, आई, हे तू कोंबडीला नाही म्हणालीस. तो पकडणार आणि उतरून जाणार.

डॉक्टरीण म्हणाली, मेंदूला झटका असू शकतो. जहाज पाचला सुटतं, इथून पुढे रात्रभर पाणीच. आत्ताच पलीकडे मापुटो शहरातल्या इस्पितळात पाठवायला हवं, मी बोट तयार ठेवायला सांगते. भिंतीवर सव्वाचार वाजले होते. मला दिसत होतं पुढचं. इस्पितळात टोप काढणार, फांदी कचऱ्यात जाणार, आणि माझं पोर परक्या गावच्या कचरापेटीत राहणार.

नर्सने टोपाला हात घातला. मी तिचं मनगट धरलं. झिबुयिले रडत म्हणाली, आई, सोड तिला. मी सोडलं नाही. तेवढ्यात नोक्वांडा माझ्या गुडघ्याशी येऊन बसली. तिने माझा दुसरा हात आपल्या गालाला लावला.

"गोगो, माझी आजी," ती म्हणाली, "एकदा माझं नाव घे. एवढंच. मग मी कुणाला तुला नेऊ देणार नाही."

सत्तर वर्षांत मला इतकं कठीण कुणी काही मागितलं नव्हतं. नाव माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मी डोळे मिटून घेतले, कारण तिचे डोळे बापाचे आहेत.

दारात भावोजी उभे होते. केव्हापासून ते देव जाणे. मी त्यांच्याकडे पाहिलं. मागितलं काही नाही, फक्त पाहिलं. त्यांचा हात टायच्या गाठीवर होता. बाहेर कुणीतरी येऊन सांगितलं, बोट तयार आहे.

भावोजी आत आले. त्यांनी बूट काढले आणि मोठ्या माणसांपुढे बसतात तसे खाली जमिनीवर बसले. दोन्ही हात हळूच एकमेकांवर वाजवले.

"फलाखे," ते म्हणाले. आवाज फुटला, पण थांबले नाहीत. "फलाखे, मी जभिसा. त्या बोटीवर तुला मी चढवलं. आज तुझी आई तुला घरी नेते आहे आणि ही माणसं तिला उतरवायला निघाली आहेत. तू घाबरू नकोस. आईजवळ बसून राहा."

झिबुयिलेने माझ्या टोपाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. बँकेत असली तरी पोर आमच्याच घरची आहे. डॉक्टरीण विचारत होती, हे काय म्हणतायत? झिबुयिले म्हणाली, आई आजारी नाही. तिला बोलायचं नाहीये.

"आणि खरंच झटका असेल तर?" डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही जबाबदारी घेता का? इथे सही करावी लागेल."

झिबुयिलेने पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. माझ्यासमोर येऊन वाकली आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मावशीला तिनेच शेवटचं पाणी पाजलं होतं. मी तिच्याकडे तसं पाहिलं जसं ती शाळा बुडवून आली की पाहायचे, उंबऱ्यात उभी राहून, एक शब्द न बोलता. तिने डोळे पुसले आणि सही केली. सही अशी वाकडीतिकडी आली की ती तिचीच आहे हे बँकेने मान्य केलं नसतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. वाढपी ती उचलायला आला. झिबुयिले म्हणाली, राहू द्या, तिथे माणूस आहे. आणि तिने त्या जागेपुढे एक ताट मांडलं. मासा आला. मी माझं ताट सरकवलं, नोक्वांडाने शेजारचंही सरकवलं. पोरीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सकाळी डर्बनला उतरताना कुत्रा घेऊन एक माणूस उभा होता. कुत्र्याने माझे पाय हुंगले आणि मान वर करून टोपाकडे बघितलं. त्या माणसानेही बघितलं. भावोजी मध्ये येऊन त्याला म्हणाले, ही डीकनची वहिनी आहे. कुणावर काय परिणाम होतो सांगता येत नाही, पण त्याने कुत्रा ओढून घेतला.

न्ड्वेड्वेपर्यंत, म्हणजे आमच्या गावापर्यंत, गाडी भावोजींनीच चालवली. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवून पोरं मागे दाटीवाटीने बसली. मी ओठातल्या ओठात सांगत राहिले, ही म्गेनी नदी. हा चढ, इथून तू सायकलवरून पडलास. हे आपलं फाटक.

झोपडीत मी एकटी गेले. मागच्या भिंतीशी फांदी ठेवली, त्याच्या बापाला आणि आजोबांना म्हटलं, सांभाळा आता. फांदीवरचं मीठ वाळून पांढरं झालं होतं. बराच वेळ मी तिथे बसून राहिले. बाहेर सगळे दाराशी गोळा झाले होते. माझ्या तोंडून पहिलं काय निघतं ते ऐकायला, आणि थोडे घाबरूनच.

भावोजी मात्र अंगणातच उभे होते. उंबऱ्यापासून दहा पावलं लांब, नेहमीच्या जागी.

"भावोजी," मी म्हटलं. इतक्या वेळाने निघालेला माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तो टाय सोडा आणि आत या."

त्यांनी टाय सोडला, घडी केली, ठेवायला जागा सापडेना म्हणून हातातच धरला. बूट काढून उंबरा ओलांडला. फांदीसमोर बसले, आणि बोलायला तोंड उघडलं, तर खांदेच हलायला लागले.

"बारा वर्षांचं एकदम सांगू नका," मी म्हटलं. "तो दमून आलाय."